मडगार्डची छाटणी

मामांनी शेतावर फिरायला जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या रानात चालणारी चारचाकी, घेतली, तेव्हा घरात तिला ‘खेकडा’ हे नाव पडायला एक दिवसही लागला नाही. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि चाकांवर पसरलेली लालभडक प्लॅस्टिकची मडगार्डं. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडची काळी जमीन पावसाळ्यात अशी चिकटते की बूट पायातून निघून मातीत राहतो. खेकडाही दोनदा रुतला. म्हणून मामेभावानं मोठे टायर टाकले. २३ इंची होते, २५ इंची आले.

दोन इंच म्हणजे खरं तर आसाच्या वर एकच इंच. पण हँडल पुरतं वळवून खड्ड्यात घातलं की सस्पेन्शन दबतं, आणि टायरचा मागचा भाग मडगार्डच्या कडेला असा काही घासतो की शेजारच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागतात. मडगार्ड कापायला गॅरेजवाला तयार होईना. तडकलं तर कोण भरून देणार, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. मग कुणाला तरी आठवलं की माझ्याकडे जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी छोटी करवत आहे. लॉकडाऊनमध्ये मी एक पुस्तकांचं शेल्फ केलं होतं. ते अजून थोडं डावीकडे कलतं, पण नातेवाइकांत माझी ख्याती झाली ती झाली.

या गाडीला नंबर नाही, ती रस्त्यावर आणायची नाही, म्हणून एका शनिवारी खेकडा पिकअपमध्ये बसून गंगापूर रोडला आमच्या पार्किंगमध्ये आला. सोबत मामा, मामेभाऊ आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाच्या काड्यांची मोळी. सप्टेंबरअखेर होती, फळाची छाटणी तोंडावर आलेली. काड्या तपासायला टाकायला जाता जाता इकडे आले होते.

काडीतपासणी हा प्रकार मला फार आवडतो. काडीवर जिथून फूट निघते ते डोळे वरून सगळे सारखेच दिसतात. प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, तेव्हा कळतं की घड कितव्या डोळ्यात आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आलेल्या काडीत तो उन्हाळ्यातच ठरून बसलेला असतो. कात्री कुठं लावायची हे त्या अहवालावरून ठरवायचं. चुकीच्या डोळ्यावर कापलं तर वेल फुटते झकास, नुसती पानं येतात.

मडगार्डची काडीतपासणी आम्ही खडूनं केली. टायरच्या खांद्यावर ओला खडू फासला, मामेभाऊ पुढच्या कॅरियरवर उभा राहून उड्या मारू लागला आणि मी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. वाकून पाहिलं तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तिथंच आधीच्या घासण्यानं लाल रंगाला चकाकी आली होती. वर मास्किंग टेप लावून पेन्सिलीनं वळण काढलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते. ते म्हणाले, “पुढूनच कापताय का? नाशिकची परंपराच आहे.” लक्ष्मणानं पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे इथल्या पोरांना बाराखडीआधी सांगतात. काकांना हा विनोद करायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती.

मामा तोवर एक शब्द बोलले नव्हते. जिगसॉ रेघेवर टेकवली तसे म्हणाले, “रेघेवर नको. अर्धा इंच अलीकडं काप. लागलं तर परत काढू.” चाळीस वर्षं काडी कापताना डोळ्याच्या वर थोडी जागा सोडायची सवय, दुसरं काय.

पहिला काप मात्र गंमतीचा झाला. जिगसॉ पुरत्या वेगात सोडली, सर्रकन चार इंच पुढं गेलो, मागं वळून पाहतो तर काप गायब. नुसता एक जाडसर लाल वळ. पॉलिथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि जोरात घासणारं पातं तेवढं सहज तापतं. पुढं कापायचं, मागं चिकटायचं, असं चाललं होतं. मामेभाऊ हसून हसून पिकअपच्या फाळक्यावर बसला. मग लाकूड कापायचं मोठ्या दात्यांचं पातं लावलं, वेग सगळ्यात कमी केला, चार बोटं कापलं की थांबायचं, बोटानं चाचपायचं, पुन्हा चालू. आतला कोपरा वळायच्या आधी तिथं ड्रिलनं एक गोल भोक पाडलं. काटकोनात काप थांबवला की तडा तिथूनच पळतो. गोल भोकातून त्याला सुरुवात करायला टोक सापडत नाही.

कडेला निघालेली प्लॅस्टिकची लव चाकूचं पातं उभं धरून खरवडली. काकडीची साल निघावी तशा लाल गुंडाळ्या पडत होत्या. त्यावर पॉलिशपेपर मारला. हॉट एअर गन लांबूनच फिरवली, तसे पांढरे पडलेले ओरखडे डोळ्यांदेखत लाल झाले. खरं सांगतो, सगळ्या कामात एवढाच भाग मला पुन्हा करावासा वाटतो.

डावी बाजू संपवून समोर जाऊन उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. उजवीकडे निदान अर्धा इंच जास्त गेलं होतं. डावीकडचं आणखी काढावं म्हणून पुन्हा टेप उचलला, तर मामांनी तो हातातून घेऊन खिशात टाकला. “टायर लागतो का?” लागत नव्हता. “मग झालं.”

कापलेले दोन तुकडे चंद्रकोरीसारखे दिसत होते. एकाच्या आतल्या अंगाला दोन बाणांच्या मधे ‘पीई’, म्हणजे पॉलिथिलीन, अशी अक्षरं उमटलेली. मामेभावानं तो बादलीत टाकला, तो मस्त तरंगला.

दसऱ्यानंतर मळ्यावर गेलो. छाटणी उरकली होती, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावायला बायका ओळीनं चालत होत्या. मामा बांधावरून खेकड्यावर बसून आले. कुठं घासलं नाही, कुत्री गप्प. मात्र मामांच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे ताजे शिंतोडे होते, उजव्यावर जास्त. मडगार्ड कशासाठी असतं ते तेवढं मी मोजमापात धरलं नव्हतं. मामा उतरले, हँडलला सुतळीनं बांधलेली मोठी चंद्रकोर सोडली आणि टायरच्या खाचांतली काळी माती तिनं सरासरा ओढून काढली. धातूसारखी ती टायरला चिरत नाही आणि चिखल तिला धरत नाही.

“दुसरा कुठंय?” मी विचारलं.

तो मामींनी गोठ्यात नेला होता. शेण ओढायला बरा पडतो म्हणाल्या, पण जरा लहान झालाय, पुढच्या वेळी थोडं जास्त काप.