तुम्ही विचारलंत म्हणून: ३५० किट आणि ११०० खोल्या

सोशल वर्क शिकणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, कधी एखादं गणेश मंडळ पूरग्रस्तांसाठी काही करायचं म्हणतं तेव्हा त्यांचा फोन येतो, आणि प्रश्न दरवेळी हाच असतो, बाई, लॉकडाऊनमध्ये तुमच्याकडे किट ३५० आणि खोल्या ११००, मग कोणाला द्यायचं हे ठरवलंत कसं? आणि त्याच्या पाठोपाठ लगेच, लोक खोटं बोलून घेऊन जात नव्हते का? तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आमचं गाव चाकणच्या एमआयडीसीला लागून. शेतं गेली, तिथे चाळी उभ्या राहिल्या, दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोल्या, एका रांगेत वीस-वीस. राहणारे सगळे कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टवर, कोणी परभणीचा, कोणी यवतमाळचा, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. २०२० मध्ये २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा मार्चचा पगार हातात यायचा होता, आणि बऱ्याच जणांचा तो आलाच नाही. मी शाळेत शिकवायचे, बचत गटाच्या सहा बायका आणि माझे दोन जुने विद्यार्थी असे आम्ही जमलो, वर्गणी काढली, एका ओळखीच्या कारखानदाराने मोठा वाटा उचलला आणि ३५० किट तयार झाली. पाच किलो आटा, तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, लिटरभर तेल, मीठ, तिखट, हळद, चहा-साखर, दोन साबण. चार माणसांच्या घराला हे आठ-दहा दिवस जातं, त्यापुढे नाही.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. शाळेच्या मैदानात चुन्याने गोल आखले आणि येईल त्याला द्यायचं म्हणलं. ४० किट तासाभरात गेली, आणि संध्याकाळी नावं वाचली तर सगळे तरणेताठे पुरुष, तेही मैदानाच्या शेजारच्या दोन चाळींतले. तान्हं पोर घेऊन बसलेली बाई आलीच नव्हती, मागच्या चाळींपर्यंत बातमीच पोचली नव्हती आणि बरेच जण पोलिसांच्या काठीच्या भीतीने दाराबाहेर पडले नव्हते. तेव्हा कळलं की काही न ठरवणं हासुद्धा एक निर्णयच आहे, त्यात जो धावू शकतो त्याला मिळतं. दुसऱ्या दिवसापासून रांग बंद केली.

मग याद्या यायला लागल्या. एका चाळमालकाने त्याच्या भाडेकरूंची दिली, त्यात भाडं थकवलेल्यांची नावं नव्हती. गावातल्या काहींनी सांगितलं की आधी गावच्यांना द्या, बाहेरच्यांना कशाला. मी त्यांना एवढंच म्हणलं की तुमच्या घरात रेशन येतंय, यांच्या घरात येत नाही, ज्याचं येत नाही त्याचा नंबर आधी. यावर थोडं वाकडं झालं पण मी हलले नाही.

आता रेशन कार्डाचं सांगते, कारण मला वाटलं होतं हाच सोपा निकष, कार्ड आहे तो मागे, नाही तो पुढे. त्या वेळी केंद्राने एप्रिल ते जून अन्नसुरक्षेतल्या लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट दिलं, नेहमीच्या धान्याशिवाय. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोक बसणार याला हद्द आहे, देशभर मिळून ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्के, महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण ७ कोटी लोक, आणि हा हिशोब २०११ च्या जनगणनेवरचा. म्हणजे केशरी कार्ड असूनही अन्नसुरक्षेत नाव नसलेली घरं भरपूर, त्यांना राज्याने मे-जूनमध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला, चांगलं केलं, पण एप्रिल त्यांनी कसा काढायचा? आणि चाळीत तर वेगळाच गुंता होता. "कार्ड आहे का?" विचारलं की बाई म्हणायची आहे, आणि आम्ही तिचं नाव मागे टाकायचो. चार-पाच दिवसांनी बचत गटाच्या एकीने नीट विचारलं तेव्हा कळलं की कार्ड आहे खरं, पण सासूच्या नावावर, गंगाखेडला, धान्य तिथे निघतंय आणि तिथलीच माणसं खातायत. असे ३० च्या वर निघाले. कार्ड तर त्यांच्याकडे होतंच, त्यामुळे कोणी खोटं बोललं असं म्हणता येत नव्हतं, आमचाच प्रश्न चुकीचा होता. मग आम्ही विचारायला लागलो, गेल्या महिन्याचं धान्य तुम्ही स्वतः कुठून आणलं? केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी पाच किलो धान्य जाहीर केलं ते १४ मे ला. तोपर्यंत किती जण चालत निघून गेले होते ते सगळ्यांनी बघितलंय.

माझ्या एका विद्यार्थ्याने मार्कांचा फॉर्मही बनवला होता, विधवा असेल तर इतके, लहान मूल असेल तर इतके, स्वतःचं घर असेल तर वजा. मुलगा हुशार आणि मनापासून करत होता. पण दोन दिवसांत चाळीत फॉर्म पाठ झाला आणि सगळ्यांकडे सारखी उत्तरं मिळायला लागली. शेवटी आम्ही प्रत्येक लायनीतल्या चार-पाच बायकांना दारात उभं करून एकच विचारलं, तुमच्या लायनीत आज कोणाकडे चूल पेटली नाही? याला खोटं उत्तर देणं अवघड असतं, कारण पत्र्याच्या भिंती, फोडणीचा वास सगळ्यांना येतो, आणि चार जणी एकमेकींसमोर बोलत असतात. त्यातही धोका होता, भांडण असलेल्या घराचं नाव कोणी घ्यायचं नाही, म्हणून मी किराणा दुकानदाराकडे गेले. त्याच्या वहीत कोणाची किती उधारी ते मी विचारलं नाही, फक्त म्हणलं की ज्यांची उधारी तुम्ही बंद केलीय त्यांच्या खोल्यांचे नंबर सांगा. त्याने ५३ नंबर सांगितले. त्यातले १९ आमच्या कुठल्याच यादीत नव्हते.

सहा-सहा पोरं एका खोलीत राहायची त्यांचं कोणी विचारत नाही. आम्ही खोली म्हणजे एक घर धरत होतो, पण ती सहा तोंडं, आणि त्यांच्याकडे तवा नाही, गॅस नाही, कारण ती खानावळीत जेवायची आणि खानावळ बंद. त्यांना आटा देऊन काय करणार होतो आम्ही? जेवढी मिळतील तेवढी पोरं शिवभोजन थाळीच्या केंद्रावर पाठवली, ती तेव्हा पाच रुपयांना केली होती, पण केंद्र लांब आणि थाळ्या ठरलेल्या. बाकीच्यांसाठी शेजारच्या कुटुंबाला जास्तीचं एक किट दिलं आणि सांगितलं की या पोरांच्या पोळ्या तुम्ही लाटा. हे सगळीकडे जमलं नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो निम्म्या किटवर. आमच्यातल्या तिघी म्हणत होत्या की निम्मं निम्मं करा, कोणाला नाही म्हणायला नको. मी म्हणत होते की चार दिवसांचं धान्य देऊन पाचव्या दिवशी काय? हा वाद फक्त आमच्या गावचा नाही. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे पैसे २०२३ मध्ये कमी पडले तेव्हा त्यांनी जवळपास दहा लाख रोहिंग्यांपैकी कोणाला यादीतून काढलं नाही, सगळ्यांचंच कमी केलं, महिन्याला माणशी १२ डॉलर मिळायचे ते मार्चमध्ये १० झाले आणि जूनमध्ये ८, म्हणजे दिवसाला २७ सेंट. त्याच वर्षी अफगाणिस्तानात मात्र पैसे नाहीत म्हणून त्यांना एक कोटी लोक मदतीतूनच काढावे लागले. त्यांच्याकडे सर्व्हे आहेत, दिवसाला माणशी २,१०० कॅलरींचा हिशोब आहे, तरी धान्य कमी पडलं की प्रश्न आमच्या शाळेच्या व्हरांड्यातलाच उरतो. छावणीतल्या लोकांना कमाईची परवानगीच नाही, तिथे कोणाचं पूर्ण बंद करणार, म्हणून मला ते सगळ्यांचं थोडं थोडं कमी करणं पटतं. आमच्याकडे काही घरांत थोडी शिल्लक होती, काहींत काहीच नव्हती. म्हणून आम्ही लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तिथे पूर्ण किट दिलं, अशी १९० घरं. बाकी १०० किट फोडून २०० घरांना निम्मं. आणि २० बाजूला ठेवली, कारण बचत गटातली एक जण म्हणाली की भाकरीचं पीठ मळताना मी एक गोळा जास्तच मळते, कोण येईल सांगता येतं का?

माझी आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, नगर जिल्ह्यात, ती हे सगळं ऐकून म्हणायची की आमच्या वेळी यादी नव्हती, कामावर येईल त्याला मजुरी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि गरज नसलेला माणूस मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला येत नाही हे खरंच आहे, निवड आपोआप व्हायची. पण ज्याला हातोडा उचलवत नव्हता त्याचं काय व्हायचं, असं मी विचारलं की ती गप्प बसायची. आणि आम्हाला तर माणसं कामावर बोलवायचीच बंदी होती.

खोटं बोलून घेतलेल्यांचं विचारता ना, तर सांगते. दोन नावांनी घेतलेले, घरात धान्य असून घेतलेले, मिळून बारा आम्हाला नंतर कळले. बारा. आणि त्यांचाही पगार बुडालेलाच होता. हे बारा अडवायला आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, अंगठा असं सगळं लावलं असतं तर चार दिवस गेले असते आणि कित्येक जणी आल्याच नसत्या. एका देणगीदाराला किट हातात घेतलेल्या बायकांचे फोटो हवे होते, मी नाही म्हणलं, त्यांना दुकानाची बिलं आणि खोल्यांच्या नंबरांची यादी पाठवली, त्यांनी पुन्हा पैसे दिले नाहीत. चालेल. मला राग याचा येतो की बारा जणांचं सगळे विचारतात आणि ज्या ६७० खोल्यांना त्या पहिल्या वाटपात काहीच मिळालं नाही त्यांचं आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही.

त्यांची मी वेगळी वही केली. खोलीचा नंबर, माणसं किती, आणि का नाही मिळालं ते एका ओळीत. निकष शाळेच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहिले होते, आणि नाही म्हणायला मी स्वतः जात होते, मुलांना पाठवत नव्हते. ओडिशाचा एक माणूस, तो आणि त्याचा भाऊ, दोघंच, धट्टेकट्टे, त्याला सांगितलं की तुमच्यात लहान मूल नाही, आजारी कोणी नाही, म्हणून या वेळी नाही. तो म्हणाला, ठीक है मॅडम, नाम लिख लो, अगली बार. मे महिन्यात आणखी १२० किट आली तेव्हा ती त्याच वहीवरून गेली. त्याची खोली तोपर्यंत रिकामी होती.

आणि एक घर आमच्या हातून सुटलं ते सांगायलाच हवं. आमच्याच आळीतली एक विधवा, स्वतःचं पक्कं घर, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, दारात तुळशीवृंदावन, आत फ्रिज. फॉर्ममध्ये वजा मार्क, लायनीतल्या बायका तिचं नाव घेणार नाहीत कारण ती चाळीतली नाही, किराणावाल्याकडे उधारी नाही कारण तिने आयुष्यात उधारी केली नव्हती. तिचं सगळं त्या दोन खोल्यांच्या भाड्यावर चालायचं आणि भाडेकरू गावी गेले होते. तीन आठवड्यांनी तिच्याकडे दूध टाकणाऱ्या पोराने मला सांगितलं की काकूंनी दूध बंद केलंय. मी गेले तर ओट्यावर एका डब्यात टोस्ट होते आणि कोरा चहा. मी त्या २० मधलं एक किट रात्री अंधार पडल्यावर नेऊन दिलं, कारण दिवसा तिने घेतलंच नसतं. ती वयाने माझ्याहून मोठी, मला म्हणाली, अगं बाई, कोणाच्या तोंडचं आणलंस हे?

त्यानंतर मी त्या २० किटना फार जपायला लागले. कोणी सांगितलं की अमक्याकडे नाहीये, तर मनात यायचं की अजून एखादी काकू असेल, तिच्यासाठी राहू दे. जूनमध्ये शाळेची खोली परत द्यायची म्हणून कुलूप काढलं तर कोपऱ्यात चार किट तशीच होती, आट्याला जाळी धरलेली, आणि बाजूच्या कपाटावर ती ६७० खोल्यांची वही.