रक्ताच्या नमुन्यांवर उभा राहिलेला खटला

पिण्याच्या पाण्यात विषारी द्रव्य आहे हे कळणे आणि त्यामुळे माणसे आजारी पडली हे न्यायालयात सिद्ध करणे, यांत फार मोठे अंतर असते. ते किती, हे पाहायचे असेल तर रॉबर्ट बिलॉट या अमेरिकन वकिलांची कारकीर्द बारकाईने वाचावी. एकट्या माणसाने बलाढ्य कंपनीला नमवले, अशीच त्यांची कथा बहुतेकदा सांगितली जाते आणि ती खोटीही नाही. परंतु मला त्यांचे खरे कर्तृत्व २००४ सालच्या एका तडजोडीच्या अटींमध्ये दिसते.

बिलॉट हे सिनसिनाटी येथील ज्या वकिली संस्थेत होते, तेथे ते रसायन कंपन्यांच्याच बाजूने काम करत. १९९८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळचे पशुपालक विल्बर टेनंट यांनी त्यांना गाठले. टेनंट यांच्याकडे व्हिडिओ कॅसेटी होत्या. ओढ्यावर साचलेला फेस, खंगत चाललेल्या गाई, मेलेले जनावर स्वतः चिरून दाखवलेले त्याचे रंग बदललेले अवयव, हे सारे त्या शेतकऱ्याने स्वतः चित्रित करून ठेवले होते. ड्युपॉन्ट या रसायन कंपनीचा कचरा पुरण्याची जागा त्यांच्या कुरणाला लागूनच होती. १९९९ मध्ये दावा दाखल झाला आणि पुढे न्यायालयाच्या आदेशामुळे कंपनीला एक लाखाहून अधिक पानांची कागदपत्रे द्यावी लागली. बिलॉट यांनी कार्यालयात जमिनीवर बसून ती तारखेनुसार लावली. हे काम कंटाळवाणे खरे, पण पाण्याच्या खटल्यांचा पाया अशाच कामाने घातला जातो.

त्या कागदांतून पीएफओए हे टेफ्लॉनच्या निर्मितीत वापरले जाणारे रसायन पुढे आले. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा कंपनीने १९९१ मध्ये अंतर्गत पातळीवर ठरवली होती आणि जवळच्या एका पाणीपुरवठ्यात ते त्याहून जास्त असल्याचेही तिला ठाऊक होते. लोकांना मात्र काहीच सांगितले गेले नव्हते. सरकारी नियमांचाही आधार नव्हता, कारण १९७६ च्या विषारी द्रव्य नियंत्रण कायद्याने आधीपासून वापरात असलेली रसायने चाचणीची सक्ती न करता तशीच चालू राहू दिली होती. बिलॉट यांनी मार्च २००१ मध्ये अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला पुराव्यांसह ९७२ पानांचे पत्र पाठवले. त्याच वर्षी टेनंट यांचा दावा तडजोडीने मिटला. बिलॉट तिथे थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी ते पाणी पिणाऱ्या सर्वांच्या वतीने सामूहिक दावा दाखल केला.

आजाराचे निदान अजून झालेले नसताना नुकसानभरपाई कशाची मागायची, हा प्रश्न होताच. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे मान्य केले होते की, विषारी द्रव्याच्या संपर्कामुळे आजाराचा धोका वाढला असेल, तर वैद्यकीय तपासण्यांचा खर्च मागता येतो. दाव्याला आधार मिळाला तो येथे. २००४ च्या तडजोडीत कंपनीने सहा पाणीपुरवठा योजनांना शुद्धीकरण यंत्रणा बसवून देण्याचे कबूल केले, आणि साथरोगशास्त्राच्या, म्हणजे लोकसमूहांतील आजारांची कारणे शोधणाऱ्या शास्त्राच्या, तीन स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमायचे ठरले. या समितीला एखाद्या आजाराशी रसायनाचा संभाव्य संबंध आढळला, तर त्या रसायनाने तो आजार होऊ शकतो ही गोष्ट कंपनीने नाकारायची नाही. संबंध आढळला नाही, तर त्या आजारासाठी दावा करण्याचा लोकांचा हक्क कायमचा संपेल. अट दोन्ही बाजूंना कापणारी होती, आणि पक्षकारांच्या वतीने ती स्वीकारायला मोठे धाडस लागते.

समितीला पुरेसा विदा मिळावा म्हणून तडजोडीच्या ७ कोटी डॉलरच्या रकमेतून एक आरोग्य सर्वेक्षण उभे केले गेले. रक्ताचा नमुना आणि आरोग्याची माहिती देणाऱ्या प्रत्येकाला ४०० डॉलर देण्यात आले. सुमारे ६९,००० लोक पुढे आले. भरपाईची रक्कम आधी वाटून न टाकता तिच्यातून पुरावा उभा करण्याची ही कल्पना मला अतिशय दूरदर्शी वाटते. समितीचे काम वर्षानुवर्षे चालले, आणि त्या काळात आजारी पक्षकारांना केवळ वाट पाहावी लागली, हेही नोंदवले पाहिजे. अखेर २०१२ पर्यंत सहा विकारांशी संभाव्य संबंध नोंदवला गेला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. २०१७ मध्ये सुमारे ३,५०० वैयक्तिक दावे ६७ कोटी डॉलरला मिटले.

त्यानंतर २०१८ मध्ये बिलॉट यांनी हीच पद्धत देशभर नेण्याचा प्रयत्न केला. पीएफओए ज्या रसायनांच्या वर्गात मोडते, त्या वर्गातील (पीएफएएस) रसायने रक्तात असलेल्या अमेरिकेतील सर्व लोकांच्या वतीने त्यांनी दावा लावला आणि त्यात पैशांऐवजी स्वतंत्र वैज्ञानिक अभ्यासाची मागणी केली. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळण्याचा आदेश दिला, कारण वादीच्या रक्तातील रसायन नेमके कोणत्या कंपनीचे, हे त्याला दाखवता आले नव्हते. हा निकाल कायद्याच्या चौकटीत बसत असेल, तरी तो मला पटत नाही. रक्तातल्या रेणूवर उत्पादकाचे नाव नसते, आणि ते शोधता येईल असा अभ्यास कंपन्यांनी करून ठेवलेला नाही. नेमका तोच अभ्यास मागणाऱ्याला पुरावा नाही म्हणून परत पाठवले गेले.