घरी काय ऐकता?

परदेशातून कुणासाठी काय आणायचं, याची आमच्या घरात वाटणी ठरलेली आहे. वहिनीला चॉकलेटं, भाच्याला फ्रिजवर चिकटवायचं काहीतरी, शेजारच्या काकूंना "तुला परवडेल ते" आणि बाबांना सीडी. बाबांची सीडी म्हणजे त्या देशातल्या गाण्याची. त्यातही अट अशी की देवळात, लग्नात गातात तसलं हवं, हॉटेलात लावतात तसलं नको. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. वर्षातून एकदोनदा कंपनी कुठेतरी धाडते. मीटिंगा संपल्या की बाकीचे भारतीय जेवण कुठे मिळतंय ते शोधतात, आणि मी गाण्याचं दुकान.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. "ट्रॅडिशनल" म्हटलं की दुकानदार आपल्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि पर्यटकांसाठी राखलेल्या खणाकडे बोट दाखवतो. त्या खणात जगभर दोनच प्रकारचा माल असतो, एक झोप यावी म्हणून आणि दुसरा नाचता यावं म्हणून. बालीला आम्ही सगळे सहलीला गेलो होतो, तेव्हा मी विमानतळावर घाईघाईत अशीच एक उचलली. मुखपृष्ठावर कमळ, दगडांची उतरंड आणि एक पेटलेली मेणबत्ती. बाबांनी दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "अगं, हे लिफ्टमध्ये लावतात." त्यांनी सीडी डबीत घातली, डबी कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

बाबांचं ऐकणं कसं आहे ते सांगायला हवं. जन्म नारायण पेठेतला, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा चटई, शाल आणि थर्मास घेऊन दुपारीच जागा धरणाऱ्यांपैकी ते एक. महोत्सव मुकुंदनगरला गेला याचा राग अजून पुरता गेलेला नाही. गाणं कुठलंही असो, आधी राग ओळखायचा, मग चहाला हात लावायचा. जपानहून एका सहकाऱ्याने आणून दिलेल्या सीडीत कोतो नावाचं तंतुवाद्य होतं. बाबांनी चौथ्या सुराला जाहीर केलं, "गुणकली." मी पेटी काढून बघितलं. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. बसत होतं!

बालीच्या त्याच सहलीत उबुदच्या बाजारातून दुसरीही एक सीडी घेतली होती, ती मात्र खरी निघाली. गामेलान म्हणजे काशाच्या पट्ट्या आणि घंटा हातोड्यांनी वाजवणारा आख्खा ताफा. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यांचं एक वाद्य उतरलंय." मग मी सीडीसोबतची पुस्तिका वाचून दाखवली. तिथे वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम केसभर चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. त्या थरथरीला ते 'ओंबाक' म्हणतात, म्हणजे लाट. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग उठले, कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावरची खोळ काढली, तारेखालचा, सुराला गुंजन देणारा जवारीचा दोरा जरा सरकवला आणि षड्ज छेडला. "जवारीच की ही," ते म्हणाले. गामेलानला माफी मिळाली.

दुकानात काय विचारायचं, हे मला कळलं इस्तंबूलला. गलाता मनोऱ्यापासून वर चढत जाणारा गालिप देदे नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं आणि वरच्या टोकाला मेवलेवी पंथाच्या दर्वेशांचा जुना मठ, आता संग्रहालय झालेला. अशाच एका दुकानात एक म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून बसला होता. मी आपलं "ट्रॅडिशनल" म्हटलं. त्याने सवयीने विचारलं, "डान्स? सुफी?" दोन्हींवर मी मान हलवली. आता काय बोलावं? माझं तुर्की शून्य, त्याचं इंग्रजी माझ्या तुर्कीपेक्षा बरं इतकंच. शेवटी मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "यू. ॲट होम. व्हॉट?"

माणूस एकदम बदलला. चष्मा डोळ्यांवर आला. पोराला हाक मारून त्याने कमरेत बारीक असलेल्या त्या इवल्याशा पेल्यांतून चहा मागवला आणि गल्ल्यामागच्या फळीवरून एक सीडी काढली. सीडीवर मुखपृष्ठापेक्षा धूळ जास्त. तानबुरी जमील बे, तिथले जुने तानबुरावादक. हे 1916 साली वारले, म्हणजे सगळं ध्वनिमुद्रण त्याआधीचं, तबकड्यांच्या काळातलं. सुरुवातीला कढईत मोहरी तडतडावी तशी नुसती खरखर. मग तीतून तानबुराचा सूर येतो. लांबच लांब दांडीचं हे वाद्य आपल्या तंबोऱ्याचं नातलग वाटतं, पण हे गातं. ताल नाही, घाई नाही. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपणार हे ठाऊक असूनही हा माणूस आलापी करत बसलाय. मला सवाई गंधर्वांच्या गुरूंची, अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण झाली. त्यांच्याही तबकड्यांत हेच. वेळ तीन मिनिटांचा आणि निवांतपणा रात्रभराचा.

पैसे देताना दुकानदाराने बोटांवर हिशेब मांडून मला समजावलं, की त्यांच्याकडे एका पूर्ण स्वराचे नऊ भाग मानतात. घरी आल्यावर मी ते बाबांना सांगितलं. तोवर त्यांचं निदान झालेलं होतं. एका तुकड्याला, "पूर्वांगात भैरव, उत्तरांगात भैरवी, म्हणजे बसंतमुखारी." पण नऊ भागांवर गणिताचा मास्तर जागा झाला. "आणि आपल्या बावीस श्रुती सगळ्या सप्तकात मिळून," असं पुटपुटत ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या.

तेव्हापासून मी एवढंच विचारते, घरी काय ऐकता? लिस्बनला रुआ दो कार्मोवर फादोच्या, म्हणजे तिथल्या जुन्या गाण्याच्या सीडी विकणारी एक जुन्या घाटाची मोटार उभी असते. मी विचारलं तेव्हा गाडीवाल्याने फादो गायिका आमालिया रॉड्रिगशची सीडी हातात घेतली होती. 1999 साली ती वारली तेव्हा त्या देशाने तीन दिवस दुखवटा पाळला होता, त्यामुळे तिची शिफारस कुणीही करणार. माझा प्रश्न ऐकून त्याने ती खाली ठेवली आणि एका रापलेल्या चेहऱ्याच्या म्हाताऱ्याची काढली. आल्फ्रेदू मार्सेनेइरू. खरं आडनाव दुआर्त, मार्सेनेइरू म्हणजे सुतार. हा गृहस्थ खरोखरच लाकूडकाम करायचा आणि गायचा. बाबांना हे फार आवडलं. "आपल्याकडे नाही का, सावता माळी, गोरा कुंभार. तसा हा आल्फ्रेदू सुतार." ऐकून झाल्यावर म्हणाले, "आवाज नाही. पण गातोय." नारायण पेठेत याहून मोठा पुरस्कार नाही.

मागच्या हिवाळ्यात लिस्बनच्याच एका कंपनीचा तरुण इंजिनिअर आमच्या कारखान्यात आला. रविवारी त्याला पुणं दाखवायचं माझ्याकडे होतं. शनिवारवाड्यासमोर त्याने विचारलं, "तुमच्याकडचं खरं संगीत कुठे विकत मिळेल?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस होतं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर एका रिक्षात मिळत होतं. ते बंद झालं. बाकीच्या ज्या दुकानांत मी कॅसेटी घेतल्या, तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात. सवाईच्या मांडवात काही मिळालं असतं, पण सवाई होऊन महिना लोटला होता. शेवटी रविवारच आहे म्हणून त्याला जुन्या बाजारात नेलं.

गंजलेले पाने, बिनकिल्लीची कुलुपं आणि नळाच्या तोट्या यांच्या शेजारी तबकड्यांची चळत होती. विकणारा म्हणाला, "घ्या ताई, भिंतीवर लावायला झकास दिसतात. हॉटेलवाले नेतात." पाहुणा उकिडवा बसून एकेक तबकडी उलटू लागला. मी त्याला केसरबाई केरकरांची गोष्ट सांगितली. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं, त्यात केसरबाईंची भैरवी निवडली गेली. पण ती तबकडी काही मिळेना. हे संगीत जमवणाऱ्या गटातल्या ॲन ड्रुयान बाईंनी न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती सापडल्या, तिन्ही न उघडलेल्या. बाईंनी तिन्ही घेतल्या. या गोरीला एकाच गाण्याच्या तीन-तीन प्रती कशाला, यावर दुकानदारांच्यात म्हणे बरीच चर्चा रंगली. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबरला आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. बाई ध्वनिमुद्रणाला नाखूशच असायच्या. आणि त्यांचा आवाज गेला कुठवर बघा.

पाहुण्याला गोष्ट आवडली, तबकडी मात्र एकही धड निघाली नाही. रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "बरं, तू घरी काय ऐकतेस?"

माझाच प्रश्न! स्वयंपाक करताना मी जुनी हिंदी सिनेमाची गाणी लावते, आणि गाडीत जे लागेल ते. खरं सांगण्याचं धाडस झालं नाही. "घरीच चल," म्हटलं.

बाबांचा सीडी प्लेअर वयाने भाच्याएवढा आहे. त्याचा खण आपण होऊन उघडत नाही, चमच्याच्या दांड्याने उचकटावा लागतो. लॅपटॉपला तर आताशा खणच नसतो, त्यामुळे तो चमचा स्वयंपाकघरात परत जात नाही. पाहुण्याला पोहे दिले. पाहुणचार म्हणून बाबांनी भीमसेनांच्या आधी त्याच्या गावचा सुतार लावला. पोरगं पोह्यांचा चमचा हातात धरून तसंच राहिलं.

"हे माझे आजोबा लावायचे," तो म्हणाला. "ते गेल्यावर आमच्या घरात कुणी ऐकलं नाही. तुम्हाला कुठे मिळालं?"

"तुमच्याच रस्त्यावर," मी म्हटलं.

त्याने डबी उलटसुलट केली. तिच्यावर बाबांनी बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, 'आल्फ्रेदू सुतार, लिस्बन. भैरवीच्या अंगाने.' ते काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं. तो खूप हसला, मग डबीचा फोटो काढला आणि चाचरत म्हणाला, ही सीडी विकत देणार का?

मी भाषांतर केलं. बाबांनी चमच्याने खण उघडला, सीडी पंचाच्या टोकाने पुसली आणि पुन्हा आत सरकवली.

"विकत नाही म्हणावं," ते म्हणाले. "पण दुसरी बाजू... नाही, सीडीला दुसरी बाजू नसते. पहिल्यापासूनच लावतो. त्याला अजून पोहे दे."