भरलेल्या पॉटमधल्या तीन सत्त्या

नाशिकच्या गंगापूर रोडवर आम्ही टेक्सास होल्डम पोकर खेळतो: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं, आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). आमच्या टेबलावर फ्लॉप फक्त दोघांनी बघितला असं क्वचितच होतं. चार-पाच जण हमखास आत असतात. सगळेच दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले, त्यामुळे पॅक होणं (पत्ते टाकून देणं) म्हणजे कमीपणा. 10 च्या ब्लाइंडवर (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायचीच बोली, स्मॉल 5 आणि बिग 10) 40 चं रेझ मारलं, म्हणजे बोली वाढवली, तरी कुणी हलत नाही, उलट ‘एवढंच?’ अशा नजरेनं बघतात. समोर एकच जण आहे असं गृहीत धरून दिलेले सल्ले इथे निम्मेच लागू पडतात. म्हणून सध्या मी एवढाच विषय घेऊन बसलोय: हात चांगला आहे आणि पॉटमध्ये (मधल्या चिप्सच्या ढिगासाठी) जत्रा भरलीय, तर काय करायचं.

(पैशांचं विचारू नका, नाहीत. प्रत्येकाला 1000 च्या चिप्स, आणि ज्याच्या घरी डाव त्याच्याकडे मिसळ. पत्ते मात्र प्लॅस्टिकचे, कारण कागदी राजाला एकदा रस्स्याचं बोट लागलं की तो पाठीवरूनच ओळखू येतो. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून चालणारं ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून टेबलावर दोन नवे भिडू आलेत, एवढाच फरक.)

आधी आकडे, कारण माझं डोकं त्यांनीच ताळ्यावर आलं. हातात एक्क्यांची जोडी आहे. समोर कुठलेही दोन पत्ते घेतलेला एकच भिडू शेवटपर्यंत बसला, तर आपण साधारण 85 टक्के वेळा जिंकतो. दोन असतील तर 73, तीन असतील तर 64 आणि चार असतील तर 56. पत्ते तेच, फक्त खुर्च्या वाढल्या. त्यामुळे एक्के-राजे आले की मी आता 40 वर थांबत नाही, सरळ 80 लावतो. आधीच दोघं आत आले असतील तर आणखी वर. लहान जोडीचा हिशोब बरोबर उलटा. फ्लॉपवर सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचं तिसरं तसंच पान) किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. तेव्हा गर्दी हवीच, नाहीतर लागलेल्या सेटचे पैसे देणार कोण?

आता परवाचा हात. मी बटनवर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), इस्पिक सत्ती आणि चौकट सत्ती. प्रेसमधून निवृत्त झालेले काका (आयुष्य नोटांच्या गठ्ठ्यांत गेलं, पण प्लॅस्टिकची चिप टाकतानाही दोनदा मोजतात) पहिल्याच जागेवरून 40. सातपूरकर कॉल (तेवढेच लावले), मुंबई नाक्याचा दोस्त कॉल, मी कॉल, बिग ब्लाइंडवरून वहिनीही आल्या. स्मॉल ब्लाइंडचे 5 धरून पॉट 205.

फ्लॉप: बदाम राणी, किलवर सत्ती, बदाम छक्की.

वहिनी चेक (काही न लावता पुढे). काका 100. सातपूरकर कॉल, मुंबई नाका कॉल. माझ्यापर्यंत पॉट 505 झालेला.

इथे तीन पत्तीची सवय कानात कुजबुजते: ट्रेल (तीन सारखी पानं) लागलीय, गप्प बस, सगळ्यांना खेळू दे. तीन पत्तीत ते बरोबरच आहे. तिथे पत्ते वाटून झाले की संपलं. तुमची ट्रेल शेवटच्या चालीपर्यंत ट्रेलच राहते, समोरच्याच्या हातात नवं पान येत नाही. इथे मात्र अजून दोन पानं उघडायचीत आणि ती सगळ्यांचीच आहेत. नुसता कॉल केला तर वहिनींना 605 च्या पॉटसाठी 100 मोजायचे, एकूण 705 मधले 100, म्हणजे 14 टक्के शक्यता असली तरी पुरे. मग टर्नला माझ्या आनंदावर पाणी टाकणारी पानं मोजा: कुठलंही बदाम तर आहेच (एकाच रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश, आमच्याकडे ‘कलर’), शिवाय तिर्री, चौकी, पंजी, अठ्ठी, नव्वी, दश्शी यांतलं काहीही कुणाचा तरी स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) पूर्ण करू शकतं. चार जण मिळून ही सगळी घरं व्यापून बसलेले असतात.

मी 450 केले. वहिनी फोल्ड. काकांनी चष्मा वर केला, पत्ते पुन्हा पाहिले आणि टाकले. सातपूरकरानं आणखी 350 घातले, मुंबई नाका गेला. पॉट 1305, आम्हा दोघांकडे 510-510.

टर्न: चौकट दुर्री. तो चेक, मी सगळे 510 आत. 200 लावून बघायचा मोह होतो, पण तेवढ्यात त्याला 12 टक्क्यांच्या भावात शेवटचं पान मिळालं असतं. 510 ला त्याला 22 टक्के हवेत. बराच वेळ चिप्स खुळखुळवून तो म्हणाला, ‘‘नऊ बदामं आहेत रे अजून,’’ आणि आत आला.

रिव्हर: बदाम दुर्री.

‘‘कलर!’’ म्हणत त्यानं बदाम एक्का आणि बदाम गुलाम टेबलावर आपटले, हात पॉटकडे गेलासुद्धा. मी दोन्ही सत्त्या उघडल्या. तीन सत्त्या, दोन दुर्र्या, फुल हाउस, आणि ते कलरच्या वर.

घरी येऊन वहीत लिहिलं ते या नऊ बदामांबद्दल. नऊ धरले तरी तो 20 टक्क्यांच्या आसपासच होता, म्हणजे 22 ला कमीच. पण त्यांतलं बदाम सत्ती आलं असतं तर त्याला फ्लश आणि मला चौथी सत्ती. बदाम दुर्री आलं तर काय होतं ते दिसलंच. म्हणजे खरी बदामं सातच. माझे दोन आणि त्याचे दोन पत्ते उघड धरले तर उरलेल्या 44 पानांत सात, 16 टक्के. सेटचा हा फायदा गर्दीत फार उपयोगी पडतो: बोर्डवर (टेबलावरच्या पानांत) जोडी आली की समोरच्याचं लागलेलं पानही वाया जातं. फ्लॉपवर सेट असेल तर रिव्हरपर्यंत फुल हाउस किंवा चार सारखी पानं होण्याची शक्यता 33 टक्के आहे. अर्थात हे सेटचं झालं. फ्लॉपवरच्या मोठ्या दोन पानांच्या दोन जोड्या असतील तर हा आकडा 17 च्या आत येतो, तिथे पुढची दोन पानं बघायची मला मुळीच हौस नाही.

मला मात्र त्या डावात सगळ्यात जास्त काकांचं खेळणं आवडलं. त्यांच्याकडे राजांची जोडी होती, मिसळ खाताना सांगितलं. त्यांनी लावले, मागून दोन कॉल, त्यावर बटनवरून साडेचारशे. ‘‘एवढ्या माणसांसमोर कोणी एका राणीवर उड्या मारत नाही,’’ म्हणाले आणि पाव रस्स्यात बुडवला. आमच्या टेबलावर राजे टाकणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

सध्या अडलंय ते असं: लहान सेट, फ्लॉपवर तिन्ही पानं एकाच रंगाची, पाच जण आत आणि मी बटनवर नाही, मधल्या जागेवर. लावलं तर मागचे कोण काय करतील कळत नाही, चेक केलं तर चौथं पान फुकट. निम्म्या पॉटची बेट करून, मागून मोठं रेझ आलं तर बोर्डवर जोडी लागण्यापुरता भाव मिळतोय का एवढंच मोजायचं, असं मी तूर्त धरून चाललोय. कुणी हे वेगळं खेळत असेल तर हाताच्या आकड्यांसकट लिहा.