चुरचुरलं की थांबायचं

वडकी नाल्याच्या विसाव्याला बूट काढला, तेव्हा डाव्या पायाचा मोजा टाचेला चिकटलेला होता. ओढला तशी त्याच्याबरोबर कातडीही सोलून आली. समोर दिवे घाट, आणि घाट चढून गेल्यावर पुढे सासवड.

पुण्याहून सासवड ही माउलींच्या वाटेवरची सगळ्यात मोठी चाल, तीस किलोमीटरच्या वर. माझी पहिलीच वारी. बूट नवे, महागातले, निघायच्या आठ दिवस आधी घेतलेले. आळंदी ते पुणे काही जाणवलं नाही. दुसऱ्या चालीला सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि हडपसर यायच्या आधीच टाचेत चुरचुरायला लागलं. तेव्हाच बाजूला बसायला हवं होतं. पण अभंग रंगात आला होता, टाळांचा ठेका पायात उतरला होता, आणि आपण ओळ सोडली तर दिंडी पुढे निघून जाईल ही धास्ती. मी तसाच चालत राहिलो.

सासवडला राहुटीत आमच्या दिंडीतल्या तात्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. बॅटरीच्या उजेडात टाच बघितली.

"कधीपासनं चुरचुरत व्हतं?"

"हडपसरच्या अलीकडून, तात्या."

"मंग तिथंच बसायचं व्हतं. दिंडी काय पळून जाती व्हय? पुढं व्हा म्हनायचं, आलोच."

तात्यांच्या वीसेक वाऱ्या झालेल्या. माझ्या उजव्या पायाच्या करंगळीखाली अजून न फुटलेला टपोरा फोड होता, त्यातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायचा असा त्यांचा जुना उपाय. गावाकडे सर्रास करतात. मी आधी वैद्यकीय पथकाच्या तंबूत गेलो, ते बरं झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोरा आत ठेवला की त्याच्या वाटेनं घाण आत जाते. त्यांनी निर्जंतुक सुईनं फोडाच्या कडेला, अगदी बुडाशी, दोन बारीक छिद्रं पाडली, गॉजनं दाबून पाणी काढलं आणि वरची कातडी तशीच राहू दिली. त्या कातडीइतकं चांगलं ड्रेसिंग दुसरं नाही, असं ते म्हणाले. लहान, न दुखणारा फोड असेल तर त्यांनी हातही लावला नसता. टाच मात्र उघडी पडली होती. ती धुऊन, मलम लावून, न चिकटणारी पट्टी बांधली. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो म्हणून पुढची वारी जमली. तरी जेजुरीपर्यंत प्रत्येक पाऊल मोजून टाकलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. आपल्याला वाटतं, बूट वरून घासतो आणि कातडी झिजते. खरं तसं नाही. वरची कातडी मोज्याला धरून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधले थर ताणले जातात, हजारो वेळा ताणले गेले की आतल्या आत फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलसर कातडी मोज्याला जास्त घट्ट धरते, म्हणून पाय ओले असले की हे लवकर होतं. वारी येते ज्येष्ठ-आषाढात. म्हणजे वहाण निवडायची ती पाय कोरडा कसा राहील, आणि भिजलाच तर लवकर कसा सुकेल, हे बघूनच.

सुती मोजे मी तेव्हापासून वर्ज्य केलेत. ते पाणी पितात आणि धरून ठेवतात. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे मोजे घ्यावेत. तीन जोड पुरतात: एक पायात, एक पिशवीला बाहेरून वाळत, एक फक्त रात्रीसाठी. वॉटरप्रूफ बुटांचा मोह टाळावा. पाऊस वरून आत जातोच, आणि मग बाहेर पडत नाही.

दुसऱ्या वर्षी मी मागे पट्टा असलेले सँडल घेतले. संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि वारीत तर रोज सुजणार. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असे. ही जागा किती मोलाची आहे ते वेळापूरच्या अलीकडे धाव्याला कळतं. उतारावरून सगळे धावत सुटतात आणि वहाण आखूड असेल तर बोटांची टोकं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं निघायच्या चार दिवस आधी सरळ कापून ठेवावीत. सँडल निवडायला आणखी एक कारण होतं. वारीत पायातलं सारखं काढावं लागतं. पालखीचं दर्शन, समाजआरती, पंगत, नीरेचं स्नान, रिंगणातली माती कपाळाला लावणं. दर वेळी नाड्या सोडत बसलो तर माणूस कंटाळून ओल्या पायावरच बूट चढवतो.

सँडलचे तोटेही आहेत. खडी आत शिरते, ती लगेच झटकावी. पट्ट्याची कड लागते, तिथे आधीच टेप लावावा. पण दोन महिने आधीपासून तेच सँडल घालून, शेवटचे काही आठवडे लागोपाठ दोन दिवस पंधरा-वीस किलोमीटर चाललं, की कुठे लागतं ते घरीच कळतं. तात्यांच्या पायात साधी चामडी चप्पल असते, त्यांच्या तळव्याचा ठसा उमटलेली. त्यांचं पाऊल जन्मभर त्यात वाढलंय, त्यांनी ती बदलू नये. शहरातल्या माणसानं मात्र त्यांचं बघून स्लीपरवर निघू नये. ती अंगठ्यानं धरून चालावी लागते, दोन दिवसांत नडगी भरून येते आणि बेचक्यात फोड येतो. अनवाणी चालणाऱ्यांच्या श्रद्धेपुढे मी वाकतो. पण मधुमेह असलेल्यांनी तो नेम धरू नये असं कळकळीनं सांगतो. त्यांच्यातल्या अनेकांना खडा रुतलेला कळत नाही. त्यांनी रोज रात्री कुणाकडून तरी तळवे बघून घ्यावेत आणि फोड आला तर थेट डॉक्टरांकडे जावं.

आणि टेप. औषधाच्या दुकानात मिळणारा कागदी टेप. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्यानं धावायच्या शर्यतीत तो वापरून बघितला होता. टेप लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. आळंदी-पंढरपूर वाटही साधारण तेवढीच. पहाटे अंघोळ झाली की पाय, विशेषतः बोटांची बेचकी, पूर्ण कोरडी करायची, नाहीतर चिखल्या होतात. मग टेप लावायचा, कोपरे गोल कापून आणि एकही सुरकुती न ठेवता. व्हॅसलिन लावायचं तर टेप नसलेल्या जागीच आणि दर तासाभरानं पुन्हा, कारण तेवढ्यात त्याचा गुण उतरतो.

एवढं करूनही दुसऱ्या वारीत लोणंद सोडल्यावर उजव्या चवड्याखाली चुरचुरलं. त्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, सगळ्यांना तिथे पोहोचायची ओढ. शेजारच्या माउलींना म्हणालो, "पुढं व्हा, आलोच," आणि एका बाभळीखाली बसलो. तळवा लाल झाला होता, फोड नव्हता. पाय पुसला, वारा लागू दिला, टेप कापायला घेतला.

माझी दिंडी पुढे गेली, मागून दुसरी आली. त्यातले एक म्हातारे वारकरी लंगडत बाजूला झाले आणि शेजारी टेकले.

"माउली, ते काय लावताय? मलाबी द्या थोडं."

त्यांची टाच हातात घेतली. भेगांनी भरलेली, मातीनं तांबडी, आणि कडेला रुपयाएवढा लाल डाग. पंच्यानं पुसली, पट्टी कापून कोपरे गोल केले आणि बोटानं मधून कडेकडे दाबत बसवली. ते उठले, दोन पावलं टाकून बघितली आणि वाकून माझ्या पाया पडले. मी त्यांच्या पडलो. मग रिंगणापर्यंत त्यांच्याच दिंडीतून चालत गेलो.