नाताळ बाजार बघायचा तर ड्रेस्डेन, आणि मग वर डोंगरात

ऑक्टोबर लागला की वसईहून, ठाण्याहून मेसेज यायला सुरुवात होते. "डिसेंबरात युरोपला येतोय, ख्रिसमस मार्केट बघायचीत, कुठे कुठे जाऊ?" यादी बहुतेकांनी आधीच केलेली असते: कोलोन, न्युरेम्बर्ग, स्ट्रासबुर्ग, व्हिएन्ना, प्राग, आणि हे सगळं आठ दिवसांत. माझं सांगणं दरवर्षी तेच असतं. एवढी धावपळ करू नका. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला या, दोन दिवस राहा, आणि तिसऱ्या दिवशी दक्षिणेला एर्त्सगेबिर्ग डोंगरातल्या सायफेन गावी जा. नोकरीसाठी मी ड्रेस्डेनला राहते, त्यामुळे माझं मत थोडं आपल्या गावाकडे झुकणारच. पण बाजारात मांडलेली वस्तू ज्या गावात, ज्या हातांनी बनते तिथपर्यंत एका दिवसात जाऊन येता यावं, अशी सोय मला दुसरीकडे दिसलेली नाही.

ड्रेस्डेनचा बाजार, म्हणजे स्ट्रीट्सेलमार्क्ट, १४३४ सालचा. सॅक्सनी प्रांताचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, फ्रीडरिश दुसरा याने नाताळच्या तोंडावर एक दिवस मांसाचा बाजार भरवायला परवानगी दिली, तिथून त्याची सुरुवात. आम्हा कॅथलिकांना यातली गोम लगेच कळते. नाताळच्या आधीचे चार आठवडे आगमनकाळाचे, आणि त्या काळी हा काळ उपवासाचा होता. उपवास सुटायच्या वेळी घरात मटण हवं, म्हणून बाजार. आज आल्टमार्क्ट चौकात चौदा मीटरहून उंच लाकडी पिरॅमिड फिरतो, शेकडो दिवे लागतात, पण बाजाराचा मूळ हिशोब स्वयंपाकघराचा आहे, हे मनात ठेवून फिरलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आता हा स्टोलन, म्हणजे नाताळचा सुकामेव्याचा लांबट केकसारखा पाव, हाच घ्या. उपवासात लोणी चालत नसे, म्हणून त्या काळचा स्टोलन नुसता पीठ, पाणी आणि तेलाचा, कोरडा. सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमला विनंती केली आणि १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची मुभा दिली. त्या पत्राला इथे आजही 'लोण्याचं पत्र' म्हणतात. त्या मुभेचा ड्रेस्डेनच्या बेकऱ्यांनी काय उपयोग केला ते आजच्या नियमांतच बघा: दहा किलो मैद्याला किमान पाच किलो लोणी, साडेसहा किलो बेदाणे, दोन किलो पाकवलेल्या लिंबू-संत्र्याच्या साली आणि दीड किलो बदाम. मार्गारीन बिलकुल चालत नाही. शहरातल्या आणि आसपासच्या ठरावीक बेकऱ्यांनाच 'ड्रेस्डनर क्रिस्टस्टोलन' हे नाव लावता येतं, आणि खऱ्या स्टोलनवर सोनेरी शिक्का असतो. शिक्का बघितल्याशिवाय घेऊ नका. वरून पिठीसाखरेचा जाड थर असतो, आणि तो लांबट पांढरा आकार म्हणजे कापडात गुंडाळलेला बाळ येशू असं मानतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्या तुकड्याआधी क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "मग जरा जपून काप."

बाजारात आणखी एक गोष्ट दिसेल: सुक्या आलुबुखारांचा काळा माणूस, डोक्यावर उंच कागदी टोपी, खांद्यावर शिडी. फ्लाउमनटॉफल. दिसतो गोंडस, मुलं हट्टाने घेतात. पण तो धुराडी साफ करणाऱ्या लहान मुलांचा पुतळा आहे. अरुंद धुराड्यांत मोठा माणूस मावत नसे, म्हणून सात-आठ वर्षांची पोरं आत उतरवत. आणि हे आलुबुखारांचे पुतळे बनवून थंडीत रस्त्यावर विकायचं कामही गरीब घरची मुलंच करायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांकडून हा धंदा करून घ्यायला बंदी झाली. मी प्रत्येक पाहुण्याला हे सांगते. सणाचं वातावरण बिघडतं असं मला वाटत नाही. ज्या मुलांना त्या बाजारातलं काही विकत घेता आलं नाही, त्यांची आठवण त्या चौकात कोणीतरी काढायलाच हवी.

चांदण्यांबद्दल थोडंसं. जागोजागी टोकाटोकांच्या मोठ्या कागदी चांदण्या टांगलेल्या दिसतात, त्या हेर्नहूट या गावच्या नावाने ओळखल्या जातात. पंचवीस टोकं: सतरा चौकोनी बुडाची, आठ त्रिकोणी बुडाची. ड्रेस्डेनच्या पूर्वेकडच्या ओबरलाउसित्स भागातल्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या शाळेत भूमितीच्या तासाला त्या पहिल्यांदा बनल्या. त्या शाळेच्या वसतिगृहात मिशनरींची मुलं राहत, आईवडील दूरदेशी. याच पंथाचे लोक लडाखपर्यंत पोचले, लेहमधलं त्यांचं चर्च १८८५ सालचं आहे. आमच्याकडे वसईत बांबूच्या कामट्या आणि जिलेटीन पेपरची चांदणी दारात लागते, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या डिसेंबरात मला जो आधार वाटला तो या चांदण्यांचा.

न्युरेम्बर्गचा बाजार सुंदर आहे, नाही म्हणायचं कारण नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांचे स्टॉल, बोटाएवढे तीन सॉसेज एका पावात, जवळजवळ बिनपिठाचा बदाम-अक्रोडांचा लेबकुखन, म्हणजे मसालेदार गोड बिस्किट. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या सज्ज्यातून सोनेरी केसांचा टोप घातलेली मुलगी, म्हणजे 'क्रिस्टकिंड', बाजार उघडते. २०१९ साली हा मान एका अशा मुलीला मिळाला जिचे वडील भारतातले आहेत. त्यावर एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून हीन शेरा टाकला, आणि शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. मला ती बातमी वाचून भरून आलं होतं. पण शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. वृद्ध माणसं बरोबर असतील तर टाळाच.

आता सायफेन. गावात रेल्वे नाही, शेवटचा टप्पा बसचा. हा सगळा डोंगर खाणींचा. कुठे चांदी, कुठे कथील. सायफेनला कथील होतं. ते सरत आलं तशी खाणीत राबणाऱ्यांनी लाकूड हातात घेतलं, खनिज कुटायला वापरत त्याच पाण्याच्या जोरावर लेथ फिरायला लागले. खिडक्यांत जी दिव्यांची लाकडी कमान दिसते, श्विबबोगन, ती याच लोकांची. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आत खाली जायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा. उजेड बघायला मिळायचा तो रविवारी. म्हणून डिसेंबरात घराघरांच्या खिडक्यांत दिवे. जुन्या घरांत एक रिवाज असा की मुलगा असेल तर हातात मेणबत्त्या धरलेला लाकडी खाणकामगार खिडकीत ठेवायचा आणि मुलगी असेल तर देवदूत. रस्त्याने जाताना कोणाच्या घरी किती मुलं, ते कळायचं.

माझ्या सांगण्यावरून सायफेनला गेलात तर एकच गोष्ट नीट बघा: राइफेनड्रेयेन. याला मराठीत काय म्हणावं ते सोडा, प्रकार सांगते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्याची जाड चकती पाण्यात भिजवून ओली ठेवतात. ती लेथवर चढवून कारागीर पटाशीने एका बाजूने खाचा पाडतो, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने. शेवटी हातात येतं एक लाकडी कडं, आणि त्याच्याकडे बघून काहीही कळत नाही. मग तो सुरी लावून वरून ठोकतो, कड्याची एक फोड सुटते, आणि फोडीच्या कापावर उभी असते गाय. पाठ, पोट, पाय, मान, सगळं. एका कड्यातून अशा डझनावारी गायी निघतात. मग कान-शेपूट चिकटवून रंगवायचं. काम चालू असताना त्याला गाय दिसतच नसते, कारण तो आकार लाकडाच्या आत, आडव्या छेदात आहे. पोटाची खाच दोन मिलिमीटर खोल गेली तर अख्ख्या कळपाची पोटं खपाटीला.

आईला घेऊन गेले होते तेव्हा खुल्या संग्रहालयात एक म्हातारे कारागीर हे करून दाखवत होते. माझे आजोबा सुतार, त्यामुळे आईला पटाशी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ओल्या लाकडाचे लांबच लांब छिलके त्यांच्या बाहीवर चिकटत होते, राळेचा वास सगळीकडे. आई कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होती. मग मला हळूच म्हणाली, "अगं, तो डोळ्यांनी नाही करत. कान बघ त्याचा, तिकडे वळलेला. आवाज बदलला की थांबतो." मी हे त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, आईकडे बघून मान डोलावली आणि पटाशी तिच्या हातात दिली, वजन बघायला. आईने धार अंगठ्यावर आडवी फिरवून बघितली, अगदी आजोबा करायचे तशी.

ही कला आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना येते. आणि ती काही छंदातून जन्मली नाही, हेही सांगायला हवं. बायबलमधल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे प्राण्यांनी भरलेल्या जहाजाची, खेळणी युरोपभर विकली जायची, त्यासाठी प्राणी हजारोंनी आणि स्वस्तात हवे होते. कड्याची युक्ती त्या घाईतून आली. मागे घरात बायका आणि मुलं रात्री उशिरापर्यंत रंग लावत बसायची आणि मजुरी फार थोडी मिळायची. म्हणून तिथल्या दुकानात कोणी भाव करायला लागलं की मला सहन होत नाही. चार सेंटिमीटरच्या मेंढीला लावलेली किंमत बघून पाहुणे मागे फिरतात, आणि शहरातल्या बाजारात तशीच दिसणारी, कारखान्यातून आलेली मेंढी एक तृतीयांश किमतीत घेतात. घेऊ नका. वस्तूवर 'एश्ट एर्त्सगेबिर्ग', म्हणजे 'अस्सल एर्त्सगेबिर्गचं', अशी खूण आहे का ते बघा, नाहीतर सरळ विचारा की हे कुठे बनलं. खरा विक्रेता गावाचं नाव सांगतो, बहुतेकदा घराचंही. आईने आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, दोन मेंढ्या घेतल्या, कारण त्यातली मातीची एक मेंढी केव्हाच फुटली होती.

काही कामाच्या गोष्टी. बाजार आगमनकाळाचा आहे, नाताळचा नाही, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्या. ड्रेस्डेनचा बाजार २४ डिसेंबरला दुपारी उठतो, पुष्कळ ठिकाणी २३ लाच. शाळेच्या सुट्टीचा हिशोब करून २५ ला उतरलात तर रिकामा चौक दिसेल. दुसऱ्या आगमन रविवारच्या आदल्या दिवशी ड्रेस्डेनमध्ये टनावारी वजनाच्या स्टोलनची मिरवणूक निघते, ती बघण्यासारखी, पण गर्दी फार. सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनच्या सुमाराला जा. अंधार साडेचारलाच पडतो. ग्लूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, तिच्या मगाचं डिपॉझिट घेतात, तो परत केला की पैसे परत. मुलांसाठी बिनदारूचा गरम फळांचा रस मिळतो, त्याला 'किंडरपुन्श' म्हणा. बाजाराच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे आणि पोलीस दिसतील. २०१६ साली बर्लिनला आणि २०२४ साली माग्डेबुर्गला बाजारात गाडी घालून माणसं मारली गेली, तेव्हापासून ही काळजी वाढली आहे. पिशवी तपासायला मागितली तर निमूट द्या.

बूट जाड तळव्याचे घाला, थंडी दगडी फरशीतून वर येते. आणि स्टोलन वसईला नेणार असाल तर खुशाल न्या, तो आठवडेच्या आठवडे टिकतो, उलट मुरल्यावर जास्त चांगला लागतो. फक्त टोकाकडून कापू नका. मधोमध कापा, हवे तेवढे काप काढा आणि उरलेली दोन अर्धुकं एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे कोरडा पडत नाही.