तुम्ही विचारलंत म्हणून: ढगात कसली आलीये केमिस्ट्री?

"ढग म्हणजे शेवटी पाणीच ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "पाऊस धुऊन नेतोच की सगळं." अहो, बहुतेक ढग बरसतच नाहीत, विरतात. थेंब असतो जेमतेम १० मायक्रॉनचा, तो आटतो आणि त्यात धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूचं जे सल्फेट बनलं ते कणात बसून हवेतच राहतं. नुसत्या वायूत सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट व्हायला आठवडासुद्धा जातो, तेच थेंबात विरघळून हायड्रोजन पेरॉक्साइड भेटलं की मिनिटांत नाहीतर तासांत काम होतं. झालं, एवढीच केमिस्ट्री.

पण मी या रिअ‍ॅक्शन्सवर बोलायला का टाळते, ते कोणी विचारत नाही.

मला लॅबमध्ये मोजायचं होतं ते साध्या ऑक्सिजनचं, पाण्यातल्या सल्फाइटचं (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या त्याच सल्फर डायऑक्साइडचं) सल्फेट तो एकटा किती हळू करतो ते. आठ महिने गेले, ग्राफ इतका सरळ आला की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मग ज्युनिअरने सहज ईडीटीए टाकून बघितलं, तो धातू बांधून ठेवतो, आणि रिअ‍ॅक्शन जवळजवळ थांबलीच. द्रावणात बुडायची ती आमची सुई स्टीलची, आणि लोखंडाचा अंशसुद्धा ही रिअ‍ॅक्शन पळवतो. आम्लात सल्फाइट, त्यात स्टील, म्हणजे मी आठ महिने सुईतून सुटलेलं लोखंड मोजत होते.

आता असं इतरांचंही झालंय हं, या रिअ‍ॅक्शनचे जुने आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण असलेच धातूंचे अंश. पण खरं सांगायचं तर दोन महिने आधी एकदा सुई नवीन होती तेव्हा रन खूपच स्लो आला होता, आणि मी तो "खराब" म्हणून बाजूला टाकला, कारण तो माझ्या रेषेवर बसत नव्हता. सुईचा दोष नाही त्यात.

तेव्हाची मी अजून भांडते. खऱ्या ढगात कुठे शुद्ध पाणी असतं, धुळीतून लोखंड, मँगनीज येतंच, मग चुकलं काय? चुकलं हे की किती लोखंड होतं तेच मला ठाऊक नव्हतं. बरं, मग आता धातू बांधून, काचेचं सगळं वापरून जो आकडा येतो, तो तरी कुठल्या ढगाचा? इथे मी गप्प बसते, ती नाही बसत.